ओरॅम की डर्बीशर: आधी कोणाला ऐकावे?

इलेक्ट्रॉनिक संगीताचा पाया घालणाऱ्या स्त्रियांचे काम ऐकायचे ठरवल्यावर सुरुवात डॅफ्नी ओरॅम यांच्यापासून करावी की डेलिया डर्बीशर यांच्यापासून, हा प्रश्न लवकरच समोर येतो. दोघी ब्रिटिश आणि दोघींचाही बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपशी, म्हणजे कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि संगीत घडवणाऱ्या विभागाशी, निकटचा संबंध. परंतु दोघींच्या वाट्याला आलेली उपेक्षा वेगवेगळी आहे. डर्बीशर यांचा ध्वनी घराघरांत पोहोचला, नाव पोहोचले नाही. ओरॅम यांचे नाव अभ्यासकांना ठाऊक असते, त्यांचे संगीत मात्र फार थोड्यांच्या कानांवर पडलेले असते.

केवळ ऐकण्याची ओढ असेल, तर डर्बीशर यांना आधी ऐकावे. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या तरुणीला ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या डेक्का कंपनीने, ध्वनिमुद्रण कक्षात आम्ही स्त्रियांना घेत नाही, असे सांगून परत पाठवले होते. पुढे 1963 मध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली धून डर्बीशर यांनी सिंथेसायझरशिवाय साकारली: ऑसिलेटरचे (विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या उपकरणाचे) आणि छेडलेल्या तारेचे ध्वनी फितीवर मुद्रित करायचे, फितीचा वेग बदलून स्वर मिळवायचा आणि एकेका स्वराचा तुकडा कापून जोडत जायचे. श्रेय वाटून घेण्याची ग्रेनर यांची तयारी होती. बीबीसीच्या नियमांना ते मान्य नव्हते. मालिकेच्या श्रेयनामावलीत डर्बीशर यांचे नाव 2013 मध्ये आले, तेव्हा त्यांच्या निधनाला बारा वर्षे झाली होती. याची चीड यावी, असेच ते आहे. तरीही त्या धुनेपाशी थांबू नये. सामान्य माणसांनी सांगितलेली स्वप्ने आणि त्यांखाली संथ सरकणारे ध्वनी यांतून घडलेला ‘द ड्रीम्स’ (1964) हा नभोवाणी कार्यक्रम मला त्याहून मोलाचा वाटतो.

स्वतः संगीत रचणाऱ्याने किंवा यंत्रांत रमणाऱ्याने मात्र ओरॅम यांच्याकडे आधी वळावे. 1958 मध्ये वर्कशॉपच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, पण पुढच्याच वर्षी बीबीसी सोडून त्यांनी केंटमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला. तेथे घडवलेल्या ‘ओरॅमिक्स’ यंत्रात संगीतकार 35 मिलिमीटरच्या पारदर्शक फिल्मवर आकृत्या काढतो, त्या आकृत्यांनी अडवलेला प्रकाश प्रकाशविद्युत घट टिपतात आणि त्यातून स्वराची उंची, तीव्रता व पोत ठरतो. हाताने काढलेली रेषा थेट नाद होते, ही कल्पना आजही थक्क करते. वाद्यवृंदाच्या जोडीला ध्वनिमुद्रिकांचा वापर योजणारी त्यांची ‘स्टिल पॉइंट’ ही 1949 मधील रचना बीबीसीने नाकारली होती. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ती 2018 मध्ये वाजली. त्यांच्या ध्वनिफितींतील संगीत काहीसे विस्कळीत वाटते, पहिल्याच भेटीत ते जवळ येईलच असे नाही. म्हणून ‘फोर ॲस्पेक्ट्स’ (1960) या छोट्या रचनेने आरंभ करावा.

तंबोऱ्याच्या नादात हरवून जाणाऱ्या श्रोत्याने या दोघींनाही बाजूला ठेवून फ्रान्सच्या संगीतकार एलियान रादिग यांची ‘त्रिलोजी द ला मोर’ ही इलेक्ट्रॉनिक रचना लावावी. तिच्या तीन भागांपैकी प्रत्येक भाग सुमारे तासाभराचा आहे आणि त्यातले बदल इतके सावकाश घडतात की, ते कधी घडले हे नंतरच लक्षात येते. त्यासाठी निवांत रात्र हवी. ती हाताशी नसेल, तर डर्बीशर यांच्यापासूनच सुरुवात करावी.