मुलींची शाळा, घरातला एकच फोन: एका आईचा अभिप्राय

मुलीला या शाळेत घालू का, असं ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या चाळीत दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. मी घाला म्हणते. का, म्हणाल तर कोविडची दोन वर्षं. इमारत, निकाल, गॅदरिंग तर सगळ्याच शाळा दाखवतात.

तेव्हा थोरली नववीत, धाकटी सहावीत. मी घरी ब्लाउज शिवते. फोन एकच, तो मिस्टरांबरोबर कंपनीत जायचा. जून २०२० मध्ये वर्गाच्या बाईंनी घरोघर फोन केले. नेट आहे का, हे शेवटी विचारलं. आधी विचारलं, फोन कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, आणि घरात भाऊ शिकतोय का? हा भावाचा प्रश्न मुलींच्या शाळेलाच सुचणार. शेजारी मुलाचे तास आधी आणि मुलीला उरलेला नेटपॅक, हे मी रोज बघत होते.

म्हणून नववीचे गणित आणि विज्ञान संध्याकाळी सातनंतर. बाकी विषय बाई आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या, छोटे छोटे तुकडे. व्हिडिओपेक्षा डेटा कमी जायचा आणि भांडी घासता घासता ऐकता यायचं. हो, भांडी मुलीच घासत होत्या. ते बरोबर की चूक यावर बाईंनी भाषण दिलं नाही, वेळापत्रक मात्र तसं लावलं.

कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. एका खोलीच्या घरात मागे आजोबा झोपलेले, दोरीवर कपडे. वयात आलेल्या मुलीला ते वर्गाला दाखवायचं नसतं. हजेरी आवाजावर. ग्रुपमध्ये नंबर आईचे किंवा वडिलांचे, मुलींचे नाहीत. गृहपाठ आधी कॅमस्कॅनर या वही स्कॅन करायच्या अ‍ॅपने पाठवायचा होता. २९ जूनला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात तेही गेलं. बाईंचा लगेच निरोप: साधा फोटो चालेल, खिडकीपाशी उजेडात काढा.

जुलैमध्ये केंद्राच्या सूचना आल्या. आठवीपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त दोन तास, नववीपासून चार, आणि एकेक तास ३० ते ४५ मिनिटांचा. आमची शाळा आधीपासूनच त्याच्या आत होती. माझ्या नणंदेचा मुलगा मात्र दुसऱ्या एका शाळेत सकाळपासून दुपारपर्यंत स्क्रीनला चिकटलेला असायचा, डोळे लाल.

आता तक्रार. सगळा जीव नववी-दहावीत, लहान वर्ग वाऱ्यावर. धाकटीला बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ आणि सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही शाळेच्या अभ्यासाची मालिका बघायचा सल्ला, बस. टिलीमिली चांगलंच होतं, टीव्हीला नेट लागत नाही. पण वह्या कोणी तपासल्या नाहीत. तिच्या गुणाकाराचा घोळ पुढच्या वर्षी मलाच निस्तरावा लागला. चित्रकला, पीटी तर विसरूनच जा.

थोरलीचं दुसरंच. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, तेव्हा दहावीत येऊनही तिने परीक्षानळी हातात धरलेली नव्हती. जर्नल मात्र पूर्ण! लिहायचा वेगही गेला होता, तास संपला तरी अर्धा पेपर कोरा. तिथे बाईंनी कंबर कसली. शनिवारी बाकावर बसवून, घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहून घेतले. २०२२ च्या बोर्डाला केंद्र आपलीच शाळा आणि मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त मिळाला. तरी ते शनिवार नसते तर थोरलीचा भूमितीचा पेपर पुरा झाला नसता.

फीचं म्हणाल तर तगादा नव्हता, हप्ते करून दिले.

पाचपैकी चार तारे. पाचवी-सहावीत घालणार असाल तर वह्या कोण तपासतं ते आधी विचारा, आणि प्रयोगशाळेचं कुलूप काढून आत बघा.