हयातीचा दाखला, घरच्या ओसरीत बसून

माझी आई 82 वर्षांची आहे. वडील भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. ते गेल्यापासून आईला फॅमिली पेन्शन मिळते आणि दरवर्षी आपण हयात आहोत हे सांगून यावं लागतं. आमच्याकडे त्याला ‘सही द्यायला जाणं’ म्हणतात. गेल्या वर्षीपासून हे काम मी ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ॲपवर, आईचा चेहरा दाखवून करते. यंदा दुसऱ्यांदा केलं. ज्यांच्या घरी असं पिकलं पान आहे त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काय होत होतं ते सांगते. नोव्हेंबरात बँकेत पेन्शनरांची ही गर्दी. शाखा पहिल्या मजल्यावर, जिन्याला कठडा एकाच बाजूला. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. वर पोचलो की टोकन, टोकन आलं की ‘फॉर्म तो नाही, हा भरा’. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवलं म्हणून मी तिला बोटांचे ठसे घेणाऱ्या एका केंद्रात नेलं. अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल दिवा. साबणाने हात धुऊन आलो, खोबरेल लावून पुसलं, दहाही बोटं झाली. तो मुलगा बिचारा शांतपणे म्हणाला, “आजी, तुमचे ठसेच उमटत नाहीयेत.” आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र खिडकीशी बसून कितीतरी वेळ आपली बोटं उन्हात धरून बघत होती. साठ वर्षं राखेने भांडी घासलेली बोटं ती. रेघा राहतील कशा?

म्हणून चेहऱ्याची सोय आली, ती माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. जीवन प्रमाण तसं 10 नोव्हेंबर 2014 पासूनचं. पण सुरुवातीला त्याला ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं टिपणारं यंत्र लागायचं. साध्या मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय नोव्हेंबर 2021 मध्ये आली. आईसारख्यांसाठी खरी सुरुवात तीच.

आणखी एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ज्यांना 80 पूर्ण झाली आहेत त्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. 2019 पासून तशी सवलत आहे. आम्हाला मात्र एका काउंटरवर “नोव्हेंबरातच या” असं ठामपणे सांगून परत पाठवलं होतं. 80 च्या पुढच्या माणसाला असं परत पाठवताना निदान एकदा विचारून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. यंदा मी नवरात्रात माहेरी गेले तेव्हाच काम उरकलं.

ॲप दोन घ्यावी लागतात, एक ‘आधार फेस आरडी’ आणि दुसरं ‘जीवन प्रमाण’. पहिलं उघडून त्यात काही करायचं नसतं, ते मागून चेहरा ताडून बघायचं काम करतं. माझी मैत्रीण ते उतरवून ‘हे चालूच होत नाही’ म्हणत दोन दिवस बसली होती, म्हणून सांगितलं. जीवन प्रमाणमध्ये आधी ज्याच्या हातात फोन आहे त्याची नोंद होते. ॲप त्याला ऑपरेटर म्हणतं. म्हणजे आधी माझा आधार क्रमांक, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि माझा चेहरा. इथे बरेच जण गोंधळतात, आईचा दाखला आणि चेहरा माझा का विचारतात? पेन्शनर स्वतःही ऑपरेटर होऊ शकतो. पण आईच्या हातात फोन थरथरतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे.

मग आईची माहिती. नाव आधारवर आहे तसंच्या तसं, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारं खातं, पैसे देणारी बँक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर, बँकेतला खाते क्रमांक. हे सगळं मी आदल्या रात्री वडिलांच्या फायलीतून वहीत उतरवून ठेवलं होतं. तरी झेरॉक्सवर मला 8 चा 3 दिसला होता, मूळ कागद काढून पाहिला तेव्हा कळलं. हा नंबर दोनदा, मोठ्याने वाचून ताडा. माहिती चुकली तर दाखला तयार होऊनही पुढे पेन्शन देणाऱ्याकडे नामंजूर होऊ शकतो.

एक प्रश्न पुनर्विवाह केला आहे का, असा असतो. फॅमिली पेन्शनच्या नियमात तो येतो, त्यामुळे विचारणं भाग आहे. गेल्या वर्षी मी तो वाचून दाखवला आणि आई एकदम गप्प झाली. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघून म्हणाली, “नाही म्हणून लिही.” यंदा मी तिला न विचारताच ‘नाही’वर बोट ठेवणार होते. मग वाटलं, दाखला तिचा आहे, उत्तरही तिनेच द्यावं. विचारलं. तिने तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात.

आता चेहऱ्याचं. सकाळी आत पलंगावर बसवून प्रयत्न केला, पाठीमागे खिडकी होती, आईचा चेहरा काळवंडलेला येत होता. मग ओसरीत आणलं, उजेड समोरून येईल अशी खुर्ची फिरवली. पदर डोक्यावरून मागे घेतला, चष्मा काढला. पडद्यावर गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. आईला कमी ऐकू येतं. मी “डोळे मिट, उघड” म्हणाले की ती फोनकडे न बघता माझ्याकडे बघायची. माणूस बोलतं तिकडे बघायचं, हीच तिची सवय. शेवटी माझ्या मुलाने युक्ती काढली. तो बरोबर फोनच्या मागे उकिडवा बसला आणि स्वतःच डोळे मिचकावायला लागला. आजीने नातवाचं बघून डोळे मिचकावले आणि गोल हिरवा झाला.

ठशांना आयुष्यभराचं काम नडलं होतं. चेहऱ्याला ते नडलं नाही. आधारवरचा फोटो मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचा, गालही तेव्हा भरलेले. तरी तिला ओळखलं.

थोड्या वेळात मेसेज आला, त्यात प्रमाण आयडी. तो नंबर टाकून वेबसाइटवरून दाखला उतरवता येतो. नंबर दरवर्षी नवा असतो, मागच्या वर्षीचा जपून चालत नाही. मी म्हटलं, “झालं गं आई.” तर ती म्हणाली, “म्हणजे मी आहे असं लिहून आलं का?” हो म्हटलं. “मग कागद आण.” चौकातून प्रिंट काढून आणली. तिने ती स्वतः घडी घालून वडिलांच्या फायलीत, पीपीओच्या खाली ठेवली. दाखला बँकेकडे आपोआप जातो, कागदाची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कागद काढून द्याच. चाळीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक पावती सांभाळली त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं.

ज्यांच्याजवळ फोन हाताळणारं कुणी नाही त्यांच्यासाठी पोस्टमनची सोय आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन हेच काम करून देतो. आमच्या शेजारच्या मावशी अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा परदेशात. त्यांनी 70 रुपये देऊन करून घेतलं आणि वर पोस्टमनला चहा पाजला. मला विचाराल तर एकट्या राहणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. अनोळखी माणसाच्या हातात आधार, ओटीपी आणि खाते क्रमांक देण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

कारण फोन येतात. ‘पेन्शन ऑफिसातून बोलतोय, दाखला अपडेट करायचाय, आलेला नंबर सांगा.’ आईलाही आला होता. तिने “माझी लेक संध्याकाळी येईल, तेव्हा करा” म्हणून ठेवून दिला. तिच्या फोनजवळ मी आता मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, ‘नंबर कुणालाच सांगायचा नाही’. तुम्हीही चिकटवा.

दाखला दिला की स्वस्थ बसू नका, तो स्वीकारला गेला की नाही हे बघा. मी नोव्हेंबरात दोनदा पाहिलं, मंजूर दिसला. आईचा मात्र त्या मंजूर शब्दावर विश्वास नव्हता. डिसेंबरची पेन्शन जमा झाल्यावर भावाने पासबुक भरून आणलं. तिने भिंग घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून रक्कम वाचली, मग तारीख वाचली, आणि पासबुक उशीखाली सारलं.