ब्लोअरवालं वेल्डिंग हेल्मेट : भरपूर वापरल्यानंतरचं मत

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारातली दोन-तीन हेल्मेटं शॉपमध्ये हाताळली आहेत आणि गुणदोष बहुतेक सारखेच निघाले. रोज तासन्‌तास वेल्डिंगचा आर्क मारत असाल तर घ्या. कधीमधी दोन टाके मारण्यापुरतं काम असेल तर नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क आणि चांगले फिल्टर एवढ्यावर भागेल.

रचना सोपी आहे. कमरेच्या पट्ट्यावर बॅटरी आणि ब्लोअरचा डबा. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, ती फिल्टरमधून जाते आणि पाठीमागच्या पाइपातून वर चढून चेहऱ्यासमोर सुटते, मिनिटाला साधारण 170 ते 200 लिटर. हेल्मेटच्या आत दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो, त्यामुळे फटी असल्या तरी त्यांतून हवा बाहेर पडते, धूर आत घुसत नाही. समोर नेहमीची ऑटो-डार्क काच, म्हणजे आर्क पेटताच आपोआप काळी होणारी.

एवढा लवाजमा कशाला, तर मँगनीजसाठी. साध्या लोखंडाच्या मिग वेल्डिंगमध्ये वितळून जोडात जाणाऱ्या वायरमध्ये मँगनीज जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास असतं. आपण म्हणतो, एवढंसं काय करणार! पण मँगनीज 2061 अंश सेल्सिअसवर उकळतं आणि लोखंड 2862 वर. आर्कच्या उष्णतेत मँगनीज आधी वाफ होऊन निघतं, म्हणून धुरातलं त्याचं प्रमाण वायरपेक्षा बरंच जास्त भरतं. हार्डफेसिंगचे (झिजणाऱ्या भागावर कडक थर चढवण्याचे) काही रॉड आणि 12-14 टक्के मँगनीजचं पोलाद तर विचारूच नका. धुराचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारे.

जेवणातून पोटात जाणाऱ्या मँगनीजचं शरीर छान बघून घेतं. थोडंसंच शोषतं आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातून आलेल्या मँगनीजला ही चाळणी आधी लागत नाही. ते फुफ्फुसातून सरळ रक्तात जातं, तिथून मेंदूत, आणि मेंदूच्या आतल्या गाभ्यात ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात साचतं. हालचालींची लय सांभाळणाऱ्या यंत्रणेतला हा एक महत्त्वाचा भाग. 1837 मध्ये ग्लासगोला कूपर या डॉक्टरांनी मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांना यातून झालेल्या आजाराची पहिली नोंद केली. पाय अडखळतात, चेहरा भावशून्य होतो, आवाज पडतो. पार्किन्सनसारखंच दिसतं, पण तो आजार वेगळा. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा या ज्या औषधाने आराम पडतो, त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. मँगनीजवाल्याला उलटं चालायला सांगितलं की तो पडायला लागतो, आणि काहीजण टाचा उचलून कोंबड्यासारखे चालायला लागतात.

माझ्या दृष्टीने त्याआधीचा टप्पा जास्त वाईट. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, हात जरा मंदावणं. शॉपमध्ये हे कोणाला नसतं? मिस्त्रीचा पारा चढलाय म्हणून सगळे हसून सोडून देतात. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप जाळला की जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, निदान कळतं तरी की आज काहीतरी गिळलं. मँगनीज असा कुठलाच निरोप धाडत नाही. रक्ततपासणीवरही विसंबू नका. रक्तातलं मँगनीज थोड्या दिवसांत उतरतं, आधीच्या वर्षांचा हिशेब त्यात दिसत नाही. एमआरआयमध्ये साठा चमकतो खरा, पण धूर थांबला की काही महिन्यांत ती चमकही ओसरते. त्रास मात्र राहू शकतो.

या सगळ्याच्या तुलनेत नियम कसे आहेत बघा. अमेरिकेत ओशा या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याची हवेतल्या मँगनीजची कायदेशीर मर्यादा घनमीटरला 5 मिलिग्रॅम. एसीजीआयएच या तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 मध्ये फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणाऱ्या बारीक कणांसाठी सुचवलेली मर्यादा 0.02 मिलिग्रॅम. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत हे धरूनही ही तफावत डोळ्यांत भरते. म्हणून ‘आमच्याकडे सगळं नियमात आहे’ असं कोणी म्हणालं तर मी आधी विचारतो, कुठल्या नियमात?

आता वापराबद्दल. पहिला फायदा अनपेक्षित होता : काचेवर वाफ धरत नाही आणि घाम कमी. धुरापासूनचा बचाव डोळ्यांना दिसत नाही, गारवा लगेच कळतो, आणि त्यामुळेच पोरं हेल्मेट डोक्यावर ठेवतात. हाफ मास्क घट्ट बसला तर चांगलाच, पण दाढीचे खुंट वाढले की कड उचलली जाते आणि अर्धं काम वाया. सैल हेल्मेटला ही अट नाही. दाढीवाल्यांनो, हा तुमचाच माल आहे.

घेताना खोक्यावर युरोपियन मानकाचं अक्षर शोधा. टीएच1 म्हणजे आत 10 टक्क्यांपर्यंत गळती चालते, टीएच2 ला 2 टक्के, टीएच3 ला 0.2 टक्के. दिसायला सारखीच हेल्मेटं वेगवेगळ्या वर्गांत मिळतात. विक्रेता काचेच्या शेडबद्दल अर्धा तास बोलेल, या अक्षराबद्दल चकार शब्द काढणार नाही. मी टीएच3 च्या खाली जाणार नाही.

तोटे आहेतच. मान दुखते, विशेषतः ओव्हरहेड जोड मारताना. पट्ट्यामागचा डबा अडचणीच्या जागी घासतो, पाइप कुठेतरी अडकतोच. एका बॅटरीवर पूर्ण शिफ्ट निघेल असं लिहिलेलं असतं, पण फिल्टर भरत गेला की मोटर जोर लावते आणि बॅटरी आधी संपते. दुसरी बॅटरी सोबत घ्याच. कमी हवेचा बीप ग्राइंडरच्या आवाजात ऐकूच येत नाही. कंप पावणारा अलार्म असलेलं मॉडेल मिळालं तर तेच बघा.

आणि एक सवय, जी कुठलंही हेल्मेट सुधारू शकत नाही. आर्क बंद झाला की हात आपोआप काच वर करतो, स्लॅग म्हणजे जोडावरची कडक खपली ठोकून काढायला. नेमका तेव्हा धूर चेहऱ्याच्या उंचीवर रेंगाळत असतो. काच उचलली तरी आतलं पारदर्शक आवरण चेहऱ्यावर बंद राहतं, अशी दोन थरांची रचना काही मॉडेलमध्ये असते. चिपिंग आणि ग्राइंडिंग त्यातूनच उरकता येतं. जास्त पैसे टाकायचे असतील तर यासाठी टाका, हेल्मेटवरच्या रंगीत चित्रांसाठी नको.

टाकीच्या आत किंवा बंद खोलीत याच्या भरवशावर उतरू नका. ब्लोअर आजूबाजूचीच हवा गाळून देतो, ऑक्सिजन तयार करत नाही. आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड साचला असेल तर हा फिल्टर काहीही करणार नाही. तिथे बाहेरून पाइपाने हवा देणारी वेगळी व्यवस्था लागते. मोकळ्या शॉपमध्येही जोडाजवळ धूर ओढणारा एक्झॉस्ट आधी, हेल्मेट नंतर. शेजारी उभा राहून जॉब धरणाऱ्या हेल्परच्या डोक्यावर काय आहे, हेही बघा.

जुन्या रंगवलेल्या लोखंडाचं काम असेल तर शिसं आलंच. आर्कखाली तो रंग जळू देण्यापेक्षा आधी ओल्या पद्धतीने खरवडून काढा. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरून बसतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच सापडलेली नाही. हेल्मेट तुमचा श्वास वाचवतं, पण कपड्यांवरची धूळ तुमच्याबरोबर घरी जाते. पट्टा, पाइप, डबा ओल्या फडक्याने पुसून कामाच्या जागीच ठेवा. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून ‘साफ’ करणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याने फिल्टर फाटतो आणि पकडलेली सगळी धूळ परत नाकासमोर उडते. बाहेरचा प्री-फिल्टर वरचेवर बदला म्हणजे आतला टिकतो, आणि ठिणगी अडवणारी जाळी काढून ठेवायचा शहाणपणा करू नका.

घेण्याआधी हनुवटीखालची कापडी झालर आणि हेडबँड सुटे मिळतात का, एवढं विचारून ठेवा. माझी झालर ठिणग्यांनी जळून केव्हाच चाळण झाली, मोटर मात्र अजून ठणठणीत आहे.