इंट सोडून बूल: आठ महिन्यांनंतर

आमच्या फर्मवेअरमध्ये (चिपवर चालणारा, सी भाषेतला कोड) हो-नाही सांगायला तीन प्रकार सुखाने नांदत होते: साधा इंट (पूर्णांक), कॅपिटल अक्षरांतला बूल (आत डोकावलं तर अनसाइन्ड कॅर, म्हणजे आठ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक), आणि चिपवाल्यांच्या हेडरमधून आलेला तिसराच एक. आठ महिन्यांपूर्वी ठरलं, आता सगळीकडे स्टडबूल हेडरमधला खरा बूल, ज्यात फक्त ० किंवा १ बसतो. १९९९ च्या मानकापासून तो सी भाषेत आहे, तरी लो-लेव्हल लिहिणाऱ्यांच्या हातून इंट काही सुटत नाही. मीही त्यातलाच.

माझं मत बदललं ते एका रजिस्टरमुळे. 'डिव्हाइस तयार आहे का' विचारणारं फंक्शन स्टेटस रजिस्टरला (डिव्हाइसची स्थिती बिटांत सांगणारी जागा) मास्क लावायचं, म्हणजे हवा तो बिट ठेवून बाकीचे शून्य करायचं, आणि उरेल ते तसंच परत करायचं. जुन्या चिपमध्ये तो बिट खालच्या आठांत होता, नव्या चिपमध्ये बिट ८ वर सरकला. किंमत २५६. फंक्शनचा रिटर्न टाइप तो कॅपिटल बूल, म्हणजे अनसाइन्ड कॅर; त्यात ती मावत नाही, वरचा बिट गळून शून्य उरतं. डिव्हाइस तयार होऊन बसलेलं आणि आमचा कोड टाइमआउटपर्यंत त्याची वाट बघतोय! खरा बूल असं कापत नाही, शून्य नसलेल्या कुठल्याही किमतीचा १ करतो. त्यामुळे किमतीचा ० किंवा १ करायला जागोजागी पेरलेली दुहेरी उद्गारचिन्हंही काढता आली. याची किंमत किती, म्हणून डिसअसेंब्ली (कंपायलरने काढलेल्या मशीनच्या सूचना) उघडून बघितली. एकदोन सूचना जास्त, बस्स.

पण हाच गुण मला चावला. सेन्सरचं कॅलिब्रेशन वाचणारं एक फंक्शन यशाला शून्य आणि चुकीला ऋण आकडा द्यायचं. मी उत्साहाच्या भरात त्याचा रिटर्न टाइप बूल केला, ट्रू म्हणजे यश. आतल्या एका फांदीत 'रिटर्न उणे ईआयओ' तसंच राहिलं (ईआयओ म्हणजे वाचन-लेखन फसल्याचा एरर कोड, ५). उणे पाच बूलमध्ये शिरला आणि १ होऊन बाहेर आला. वाचन फसलेलं, आणि बोलावणाऱ्याला निरोप 'झालं'. आमच्या वॉर्निंगच्या सेटिंगवर कंपायलरने हूं की चूं केलं नाही. दोन दिवस मी सेन्सरलाच दोष देत होतो.

लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये यावर सरळ नियम आहे, तो तेव्हाच पाळायला हवा होता. फंक्शनचं नाव आज्ञा असेल (काम जोड, बफर भर) तर एरर कोडचा इंट. नाव प्रश्न असेल (डिव्हाइस आहे का) तर बूल. आता रिव्ह्यूमध्ये मी आधी नाव वाचतो, मग टाइप.

स्ट्रक्चरमध्ये (अनेक किमती एकत्र ठेवणारा टाइप) मात्र बूल तितका लाडका राहिला नाही. जवळपास सगळीकडे तो एक बाइट खातो, आकाराची हमी मानक देत नाही. अकरा फ्लॅगांना अकरा बाइट नकोत म्हणून एका बिटाची बिटफील्डं (मोजक्याच बिटांत बसवलेली फील्डं) केली. पूर्वी तिथे इंट होता आणि जीसीसी कंपायलरमध्ये तो चिन्हासकट धरला जातो, म्हणजे किमती ० आणि उणे १. 'बरोबर १ आहे का' ही तुलना कधीच जुळायची नाही. बूलचं बिटफील्ड ते नीट करतं. शेजारी-शेजारी बिटांचा धोका मात्र कायम: मेन लूप एक बिट बदलताना पूर्ण बाइट वाचून परत लिहितो, मधेच इंटरप्टने (हार्डवेअरच्या हाकेवर मधेच चालणारा कोड) दुसरा बिट लावला तर तो पुसला जातो. इंटरप्टचे फ्लॅग म्हणून वेगळे, व्होलटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचायचे) बूल, प्रत्येकाला आपला बाइट.

बाहेरून आलेल्या पॅकेटमधून बूल असलेलं स्ट्रक्चर मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारं फंक्शन) भरू नका. त्या बाइटमध्ये २ आला, तर कंपायलर ० किंवा १ च असणार या समजुतीवर कोड काढून बसलेला असतो आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पीसीवरच्या बिल्डमध्ये यूबीसॅनने (अशा बेभरवशाच्या जागा कोड चालताना पकडणारं साधन) अशा दोन जागा पकडून दिल्या. आता सीमेवर आठ बिटांचा अनसाइन्ड, आत घेताना 'शून्य नाही ना' ही तुलना.

एक तक्रार उरतेच. 'ट्रू, फॉल्स, ट्रू' असे तीन आर्ग्युमेंट असलेला कॉल सहा महिन्यांनी वाचून बघा, स्वतःचाच कोड परका वाटतो. तिथे आम्ही नावं असलेले फ्लॅग घेतले.

सी २३ या भाषेच्या नव्या मानकात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्डच (राखीव शब्द) झालेत. परवा तो मोड लावून बिल्ड केला, तर चिपवाल्यांच्या हेडरमधला बूलचा टाइपडेफ (दुसऱ्या टाइपला 'बूल' हे नाव देणारी ओळ) पहिल्याच फाइलला आडवा आला. त्या फाइलला हात लावायची परवानगी आम्हाला नाही, म्हणून मोड पुन्हा सी ११ या जुन्या मानकावर.