आठ फिल्टरांचा कलरिमीटर: बीएस्सीच्या बायोकेमिस्ट्रीला पुरतो का?

कलरिमीटर म्हणजे रंगीत द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र. रंग येणाऱ्या प्रयोगांना तो पुरतो, बाकीच्यांना नाही. टेबलावरच्या साध्या डिजिटल कलरिमीटरमध्ये बहुधा 400, 420, 470, 500, 530, 570, 620 आणि 700 नॅनोमीटरचे काचेचे फिल्टर असतात. 340 वर एनएडीएच (पेशीतलं एक सहविकर) किंवा 260 वर डीएनए मोजायचा असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी, म्हणजे हवी ती तरंगलांबी निवडता येणाऱ्या यंत्रासाठी, नंबर लावा.

खरी गंमत फिल्टर निवडताना. प्रथिनं मोजायच्या बाययुरेटच्या कृतीत 540 लिहिलेलं असतं, डायलवर 540 नसतंच. 530 लावायचा. जांभळं द्रावण पाहून जांभळा फिल्टर लावणारे दर बॅचला निघतातच. पण द्रावण जो रंग शोषतं तो हवा, म्हणजे इथे हिरवा. प्रथिनांच्याच फोलिन-लोरी पद्धतीचं 660 तर 620 आणि 700 च्या बरोबर मध्ये पडतं. तिथे 700 घ्या, कारण त्या निळ्या रंगाचं शोषण 750 च्या आसपास सर्वाधिक असतं. स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेला नमुना) आणि अननोन (मोजायचा नमुना) मात्र एकाच फिल्टरवर वाचा.

यंत्र सुरू करून पंधरा मिनिटं थांबा. दिवा तापेपर्यंत शून्य सरकत राहतं आणि दोष बिचाऱ्या ब्लँकला, म्हणजे शून्य लावायच्या नमुना नसलेल्या द्रावणाला, लागतो.

काचेचा फिल्टर एकच तरंगलांबी सोडत नाही, चांगला रुंद पट्टा सोडतो. त्यामुळे डिस्प्लेवरची ओडी (प्रकाश किती शोषला त्याचा आकडा) 1.99 पर्यंत जात असली तरी प्रमाण आणि ओडीचा ग्राफ बराच आधी वाकतो. ओडी 1 ला जेमतेम 10 टक्के प्रकाश पलीकडे पोचतो. 0.1 ते 0.8 मधलीच रीडिंग धरा. त्यापुढे गेलं तर फोलिनचा रंग आल्यावर पाणी ओतून भागत नाही. मूळ नमुना पातळ करून प्रयोग पुन्हा लावा. आणि फोलिन हे रसायन टाकल्या टाकल्या ट्यूब हलवा: अल्कलीत तो झटकन निकामी होतो, मग रंग फिका येतो आणि शिव्या कलरिमीटरला.

सर्वात कच्चा दुवा यंत्रात ठेवायच्या गोल ट्यूबचा. तीच ट्यूब थोडी फिरवली की दुसरा दशांश बदलतो. काठाजवळ मार्करने रेघ मारा आणि ती नेहमी पुढे ठेवा. खालचा भाग टिश्यूने पुसा, बुडबुडे जाऊ द्या. द्रावण प्रकाशाच्या झोताच्या वर असायलाच हवं, नाहीतर रीडिंग उड्या मारतं.

विकत घेताना जुळवलेल्या ट्यूब मागाच. सगळ्यांत पाणी भरून एकेक वाचा, 0.01 पेक्षा जास्त फरक दाखवणारी तिथेच परत करा.