'मॅजेस्टिकली'च्या कसोटीवर ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

शब्दकोश पारखायचा असेल तर अवघड शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा शब्द काढून पाहावा. 'मॅजेस्टिक' मराठी वाचकाला परका नाही. १९३१ साली 'आलम आरा' ज्या चित्रगृहात झळकला त्याचे नावच ते होते. मात्र 'मॅजेस्टिकली' हे क्रियाविशेषण स्वतःच्या वाक्यात योजताना भलेभले अडखळतात.

ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये अध्यापन करताना सिद्ध केलेला हा लर्नर्स कोश १९४२ साली टोकियोत आणि १९४८ साली ऑक्सफर्डतर्फे निघाला. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तो असल्याने व्याख्या सुमारे ३००० ठरावीक शब्दांतच बांधलेल्या आहेत, आणि त्यामुळे आकाराने किंवा सौंदर्याने छाप पाडणारे ते 'मॅजेस्टिक', हे शाळकरी मुलालाही उमगते. उच्चाराची खूण तर फारच उपयोगी आहे: शेवटच्या 'एलएलवाय'आधीचा 'ए' लिहायचा असतो, पण बोलताना तो गिळला जातो, उच्चार 'मजेस्टिक्ली', आघात 'जे'वर.

उणीव पुढे जाणवते. छापील कोशात हे क्रियाविशेषण विशेषणाच्या नोंदीच्या शेपटाला येते, स्वतंत्र व्याख्येविना. शिखर आकाशात उभे राहते, शिडांचे जहाज बंदरात शिरते, गरुड घिरट्या घालतो, रुंद नदी संथ वाहते, अशा ठिकाणी तो शब्द शोभतो आणि मराठीत त्याला 'डौलाने' किंवा 'दिमाखात' म्हणता येते, हे वाचकाला इतरत्र वाचूनच जमवावे लागते. 'ऐटीत' मला पटत नाही, कारण ऐटीत मिरवणे आले. 'भव्यपणे' तर मराठी कोणी बोलतच नाही. शेजारचे शब्दही फसवे आहेत. राणीसारख्या मानवी रुबाबाला 'रीगली' अधिक नेमका, 'रॉयली' बोलीभाषेत 'पुरती फजिती झाली' यातल्या 'पुरती'चे काम करतो, आणि 'स्टेटली'च्या शेवटी 'ली' असूनही ते विशेषणच आहे. एवढा फरक सांगणारी चार ओळींची चौकट इथे हवी होती.

विद्यार्थ्याने हा कोश जरूर घ्यावा. अनुवादकाने मात्र सोबत इंग्रजी-मराठी कोश ठेवावा. केवळ उच्चार ऐकायचा असल्यास ऑक्सफर्डच्या या कोशाचे संकेतस्थळ पुरेसे आहे. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार विनामूल्य ऐकता येतात.