"क्रूझला सहा महिन्यांचा नियम नसतो" असं सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहा

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं पॅकेज घेताना कुणी तुम्हाला सांगितलं की पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक असण्याचा नियम विमानाचा आहे, जहाजाला तो लागत नाही, तर तिथेच थांबा. एक रुपयाही देऊ नका. ठाण्यातल्या एका टूर एजंटने आम्हाला हेच सांगितलं आणि त्याच्या आडोशाने माझ्या आईच्या नावाचे सगळे पैसे खाल्ले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी, नवरा, मुलगी आणि आई असे चौघं जाणार होतो. सिंगापूरहून जहाज, वाटेत मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आहे आणि समुद्रातून प्रवास करायची तिची फार जुनी इच्छा. आम्ही फेब्रुवारीत बुकिंग केलं. आईच्या पासपोर्टची मुदत सप्टेंबरात संपत होती. मी त्या माणसाला पासपोर्ट उघडून तारीख दाखवली आणि सरळ विचारलं, नवा काढून घेऊ का? तो म्हणाला, "काही गरज नाही मॅडम. आत्ता काकूंचे सात महिने बाकी आहेत. शिवाय सिंगापूरला तुम्ही फक्त ट्रान्झिट, राहणार जहाजावर. क्रूझला तो नियम नसतो." हेच त्याने नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करूनही सांगितलं.

यातला एकही शब्द खरा नव्हता. सिंगापूरला पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते, मलेशियालाही लागते. जहाज गाठायला आधी विमानाने सिंगापुरात उतरून इमिग्रेशन पार करावं लागतं, मग ट्रान्झिट, म्हणजे देशात न शिरता नुसतं वाटेत थांबणं, कसलं? जहाज पेनांगला लागलं आणि तुम्ही केबिनमध्येच बसून राहिलात तरी कागदपत्रांच्या अटी सुटत नाहीत, कारण प्रवाशांची यादी जहाज कंपनी प्रत्येक बंदराला आधीच देते. आणि सहा महिने बुकिंगच्या दिवसापासून मोजायचे नसतात. बहुतेक क्रूझ कंपन्या ते प्रवास संपण्याच्या तारखेपासून मोजतात. फेब्रुवारीत सात महिने दिसणारा पासपोर्ट मे अखेरीस चार महिन्यांवर आलेला असतो. आपल्यापैकी अनेक जण आजच्या तारखेपासून बोटं मोजतात, आणि हे या लोकांना पक्कं माहीत असतं.

गोंधळ वाढतो तो देशातल्या क्रूझमुळे. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या जहाजाला भारतीय प्रवाशाला पासपोर्ट लागतच नाही, सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. तो प्रवास केलेले शेजारीपाजारी अगदी मनापासून सांगतात, "आम्हाला कुणी काही विचारलं नाही." एजंटनेही आम्हाला हाच दाखला दिला होता.

शेवटचा हप्ता भरला आणि सूर बदलला. एप्रिल संपत आला असताना त्याचा फोन आला, "काकूंचा पासपोर्ट सिस्टीममध्ये अडतोय. घाबरू नका, माझा आत माणूस आहे, मुदतवाढ करून देतो." त्याचे १८,५०० रुपये, तेही कंपनीच्या खात्यात नाही, भलत्याच कुणाच्या तरी यूपीआयवर. मी नव्या पासपोर्टचं पुन्हा विचारलं, तर म्हणाला आता दोन-तीन महिने लागतील, काकूंची ट्रिप जाईल. आईची ट्रिप जाईल हे ऐकून नवऱ्याने पैसे पाठवले. थोड्या दिवसांनी अशोकस्तंभाचा शिक्का असलेलं "मुदतवाढीचं पत्र" पीडीएफमध्ये आलं आणि पाठोपाठ चौघांचे सिंगापूरचे ई-व्हिसा.

मुंबई विमानतळाच्या काउंटरवर आईचा पासपोर्ट स्कॅन झाला आणि तिथेच अडकला. मी ते पत्र पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने ते नीट वाचलं, वरिष्ठांना बोलावलं, आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की असं पत्र कुठेच चालत नाही. मग त्यांनी आईचा व्हिसा पाहिला. त्यावरचा क्रमांक माझ्या मुलीच्या व्हिसाचा होता, फक्त नाव आणि फोटो बदललेला. विमान कंपनीने आईला घेतलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. चुकीच्या कागदपत्रांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी आणि दंड त्यांच्यावर येऊ शकतो. नवरा आणि मुलगी पुढे गेले, कारण मुलीने वर्षभर त्या ट्रिपची वाट पाहिली होती आणि आईनेच त्यांना ढकलून पाठवलं. मी आईला घेऊन घरी आले. टॅक्सीत ती माझीच समजूत काढत होती. त्या माणसाला मी बाकी सगळ्याची माफी देईन, याची देणार नाही.

खरा प्रकार सिंगापुरात कळला. विम्यासाठी किंवा परताव्यासाठी काही लेखी मिळतं का म्हणून नवऱ्याने मरीना बे क्रूझ सेंटरवर आईच्या नावाची चौकशी केली. तिथे सांगितलं की या बुकिंगवर असं नावच नाही, केबिन पहिल्यापासून तिघांची आहे. म्हणजे चौथ्या माणसाचं भाडं क्रूझ कंपनीकडे कधी गेलंच नव्हतं.

आता सगळं जुळलं. आईच्या पासपोर्टची तारीख पाहिली तेव्हाच त्याने हिशेब मांडला होता. हिला नवा पासपोर्ट काढू द्यायचा नाही, पैसे घ्यायचे, बुकिंग करायचं नाही, आणि विमानतळावर नियम आपोआप तिला परत पाठवेल. पुढे मी जाब विचारला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं: "कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असते मॅडम, क्रूझचा नियम आहे, रिफंड नाही." गंमत म्हणजे हा नियम खरा आहे. क्रूझ कंपन्यांच्या अटींमध्ये तसंच लिहिलेलं असतं, आणि अपुऱ्या कागदपत्रांमुळे प्रवास नाकारला गेला तर प्रवास विमासुद्धा सहसा भरपाई देत नाही. खोट्यासाठी त्याने खऱ्या नियमाची ढाल केली.

आणि उपाय किती सोपा होता! पासपोर्ट संपायला एक वर्ष उरलं की तो री-इश्यूला, म्हणजे नव्याने काढायला, टाकता येतो. ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. दहा वर्षांची पूर्ण मुदत असलेल्या पासपोर्टची तारीख शिक्का मारून किंवा पत्र देऊन कुणीही वाढवत नाही, नवी पुस्तिकाच निघते. अर्ज फक्त पासपोर्ट सेवाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा अ‍ॅपवर करा. त्याची नक्कल करणारी बनावट संकेतस्थळं बरीच आहेत आणि त्यांच्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयानेच इशारा दिलेला आहे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांचे पासपोर्ट आधी पाहा. ते सहसा पाच वर्षांचेच असतात, मोठ्यांच्या आधी संपतात.

नवी पुस्तिका आली की नंबर बदलतो. तो क्रूझ कंपनीला आणि विमान कंपनीला कळवावा लागतो, आणि व्हिसाचा अर्ज नव्या नंबरवरच करायचा. सिंगापूरचा व्हिसा घेताना त्यावर एकापेक्षा जास्त प्रवेश आहेत ना, हेही बघा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत तिथेच येतं. युरोपातल्या, म्हणजे बार्सिलोना वगैरेहून निघणाऱ्या क्रूझला शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम लागतो: तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला. पण जहाज कंपनी सहा महिने मागू शकते, आणि चढू द्यायचं की नाही हे तीच ठरवते.

एजंटकडून क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा. स्वतःच्या छापील व्हाउचरवरचा नंबर नको, कंपनीचा हवा. तो घेऊन कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा फोन करून सगळ्यांची नावं आहेत का ते स्वतः पाहा, आणि हे शेवटचा हप्ता देण्याआधी करा. आम्हाला तो नंबर "निघायच्या आदल्या दिवशी मिळतो" असं सांगितलं होतं. ते खोटं आहे, बुकिंग झालं की नंबर असतोच. ई-व्हिसा खरा आहे का हे सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोहोचण्याआधी ऑनलाइन भरायचे फॉर्म, दोन्ही फुकट भरता येतात. आमच्या बिलात त्यांचेही पैसे लावले होते. आणखी एक: परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, म्हणून जी रक्कम घेतात, ती तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या करजमा विवरणात (२६एएस) दिसायला हवी. आमची दिसली नाही.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची तक्रार दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तुमच्याबाबत असं काही झालं असेल तर जाब विचारायला फोन करण्याआधी सगळं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेज वेगळे उतरवून घ्या, यूपीआयच्या पावत्या बाजूला काढा. आमच्या माणसाने बोलणं झाल्याबरोबर "क्रूझला तो नियम नसतो" हा मेसेज दोन्ही बाजूंनी पुसून टाकायचा प्रयत्न केला. तो मेसेज आम्ही आदल्या रात्रीच उतरवून ठेवला होता, आणि आयोगापुढे आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.